रहाटगाडग्यापासून आकाशपाळण्यापर्यंत

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे महालक्ष्मीची जत्रा सुरू होते आणि सुमारे पंधरा दिवस चालते. पालघरचा आदिवासी पट्टा, दक्षिण गुजरात आणि दादरा नगर हवेली या सर्व बाजूंनी माणसे तिला लोटतात. सिल्वासाहून निघालेल्या मुलांना संध्याकाळी जत्रेची जी पहिली खूण दिसते ती म्हणजे आकाशपाळण्याच्या दिव्यांचे फिरते वर्तुळ. देवीचे दर्शन मागाहून. पाळण्याचे दर्शन आधी.

सिल्वासात या यंत्राला घरागणिक नावे आहेत. गुजराती शेजारी त्याला चकडोळ म्हणतात, मराठी घरांत आकाशपाळणा हा शब्द चालतो, आणि जुन्या पिढीतील माणसे रहाटपाळणा म्हणत. या नावांत रहाटपाळणा हे सर्वांत जाणते नाव म्हटले पाहिजे. कारण यंत्राची सारी कल्पना त्याने एका शब्दात सांगून टाकली आहे.

वसईच्या बागायतीत विहिरीवरचा रहाट एके काळी घरोघर होता. बैल फिरे, चाक फिरे आणि चाकावरच्या माळेला बांधलेली गाडगी पाणी घेऊन वर येत. माथ्यावर आल्यावर गाडगे कलंडे आणि पाणी पन्हळीत पडे. गाडगे कलंडते, कारण ते माळेला घट्ट बांधलेले असते. चाक वळले की त्यालाही वळावेच लागते. आता त्याच चाकाला गाडग्याऐवजी पाळणा लावा, पण तो बांधू नका, टांगा. पाळण्याच्या वरच्या बाजूस आडवा दांडा असतो आणि त्या दांड्याभोवती पाळण्याला झुलण्याची मोकळीक असते. बसलेल्या माणसांचे वजन दांड्याच्या खाली राहते, म्हणून चाक कसेही वळले तरी पाळण्याचा तळ जमिनीकडेच राहतो. गाडगे बांधले म्हणून रिते होते. पाळणा टांगला म्हणून माणूस बैठकीवरच राहतो. एवढ्याशा फरकाने पाणी काढण्याचे साधन करमणुकीचे साधन झाले.

ही युक्ती प्रथम कोणाला सुचली हे इतिहासाने नोंदवलेले नाही. परंतु तिची जी जुनी लेखी वर्णने उपलब्ध आहेत त्यांपैकी दोन वर्णने करणारे प्रवासी पुढे आपल्याच किनाऱ्यावर आले, हा योगायोग मोठा गंमतीचा आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा सरदारपुत्र १६१५ साली कॉन्स्टँटिनोपल येथे होता. रमजानच्या उत्सवात तेथे मोठे लाकडी चाक उभारले होते. तो हौसेने त्यात बसला. चाक इतक्या जोराने फिरू लागले की शेजारी बसलेला एक ग्रीक गृहस्थ पुरे, पुरे म्हणून ओरडू लागला. देल्ला व्हाल्लेला मात्र मजा वाटली. हाच प्रवासी १६२३ साली सुरतेस उतरला आणि दमणवरून गोव्यास गेला. दुसरा पीटर मंडी हा इंग्रज. त्याने १६२० साली बल्गेरियातील फिलिपोपोलिस, म्हणजे आजचे प्लॉव्हदिव, येथे असे चाक पाहिले. असली चाके चालवण्यास धट्टेकट्टे पुरुष लागत. तोही १६२८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत सुरतेस आला. या दोघांनी आपल्याकडच्या जत्रांत रहाटपाळणा पाहिला की नाही हे सांगता येत नाही. पाहिला असता तरी त्यांना त्यात नवल वाटले नसते.

तीनशे वर्षे हे चाक लाकडाचेच राहिले आणि माणसाच्या हातांनीच फिरत राहिले. त्याच्या आकाराला मर्यादा घातली ती हातांच्या बळाने आणि लाकडाच्या आसाने. चाकाचे, पाळण्यांचे आणि माणसांचे सारे वजन शेवटी त्या एका आडव्या आसावर येते. आस मोडला की सर्व संपले. मोठे चाक करावयाचे तर मोठा आस पाहिजे, आणि तसा आस घडवील असा कारखाना पाहिजे. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उभा राहिला.

पॅरिसने १८८९ च्या प्रदर्शनात आयफेल मनोरा उभारून जगाला थक्क केले होते. चार वर्षांनी शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरावयाचे होते आणि त्याचा मुख्य रचनाकार डॅनियल बर्नहॅम याने अमेरिकेच्या अभियंत्यांना टोमणा मारला की, तुम्हांपैकी कोणाच्या डोक्यातून मनोऱ्याच्या तोडीचे काही निघत नाही. हा टोमणा जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस या पिट्सबर्गच्या तरुण अभियंत्याला लागला. त्याचा धंदा पुलांच्या पोलादाची तपासणी करण्याचा. पोलादाचा कोणता तुकडा किती ओढ सोसतो, हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि त्याच ज्ञानाच्या बळावर त्याने २५० फूट व्यासाच्या चाकाचा आराखडा मांडला. जमिनीपासून माथ्यापर्यंत उंची २६४ फूट. चाकाला ३६ डबे, प्रत्येक डब्यात ६० माणसे. म्हणजे एका वेळी २,१६० माणसे आकाशात.

आराखडा पाहून पुष्कळांनी मान हलवली. त्यांचा आक्षेप उंचीला नव्हता, आऱ्यांना होता. बैलगाडीच्या चाकाचे आरे जाड लाकडाचे असतात. ते वरचा भार खालून तोलून धरतात. फेरिसचे आरे म्हणजे लोखंडाच्या बारीक सळया होत्या. अशा सळईवर भार ठेवला तर ती वाकणारच. पण फेरिसने तिच्यावर भार ठेवलाच नव्हता. तिला ओढ दिली होती. बारीक सळई दाबल्यास वाकते, पण ओढल्यास प्रचंड ताण सोसते. सायकलच्या चाकाचे रहस्य हेच. चाकाचा खालचा अर्धा भाग सळयांनी आसाला लोंबकळत राहिला, आणि वरचा अर्धा कमानीसारखा त्या खालच्या भागावर टेकला. सायकलीच्या दुकानातील पोराला जे रोज हाताळून कळते ते भल्या भल्या जाणकारांना २५० फुटांच्या मापात पटेना, याचे नवल वाटते.

आस पोलादाचा होता: लांबी साडेपंचेचाळीस फूट, जाडी ३३ इंच, वजन सुमारे ४० टन. बेथलहेमच्या कारखान्यात तो घडवला गेला. पाया घालण्याचे काम १८९३ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत करावे लागले. जमीन गोठलेली आणि तिच्या खाली पाणथळ वाळू. वाफ सोडून माती वितळवावी लागली. प्रदर्शन १ मे रोजी उघडले तेव्हा चाक अपुरेच होते. ते २१ जून १८९३ रोजी लोकांसाठी सुरू झाले. तिकीट पन्नास सेंट, म्हणजे सबंध प्रदर्शनाच्या प्रवेशशुल्काइतके, आणि त्यात दोन फेरे. प्रदर्शन संपेपर्यंत चौदा लाखांच्या वर माणसे त्यात बसली. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी सप्टेंबर महिन्यात आपले प्रसिद्ध भाषण केले.

फेरिसला मात्र या चाकाने सुख दिले नाही. विल्यम सॉमर्स या गृहस्थाने अटलांटिक सिटी व इतर ठिकाणी पन्नास फुटांची लाकडी चाके आधीच चालवली होती आणि त्याचे पेटंटही घेतले होते; फेरिस त्याच्या चाकात बसून गेला होता. सॉमर्सने दावा लावला. नफ्याच्या वाटणीवरून प्रदर्शनाच्या चालकांशी फेरिसचा स्वतःचा तंटा होताच. १८९६ च्या नोव्हेंबरात विषमज्वराने तो वारला तेव्हा त्याचे वय अवघे ३७ होते. शिकागोचे चाक पुढे दोन जागी हलवले गेले आणि १९०६ साली सेंट लुइस येथे सुरुंगाने उडवून मोडीत काढले. इंग्रजी भाषेत मात्र अशा प्रत्येक चाकाला आजही त्याचेच नाव आहे.

त्यानंतर मोठ्या चाकांची चढाओढ लागली. लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागात १८९५ साली भारतावरील एका मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी ३०८ फूट उंचीचे चाक उभे राहिले. दुसऱ्या वर्षी ते एका रात्री बंद पडले आणि बसलेली माणसे काही तास वर अडकली. चालकांनी प्रत्येकाला पाच पौंड भरपाई दिली. म्हणतात की त्यानंतर तिकिटासाठी रांगा अधिकच लांबल्या. व्हिएन्नाचे चाक १८९७ चे. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली ते जळाले, नंतर दुरुस्त झाले, पण तीस डब्यांपैकी पंधराच परत बसवले, आणि ते आजही फिरते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९२० साली वेगळ्याच बुद्धीचे चाक आले. त्याच्या २४ डब्यांपैकी १६ डबे एका जागी टांगलेले नाहीत. चाक फिरते तसे ते आतल्या रुळांवरून घसरत बाहेरच्या कडेपर्यंत येतात. उंची केवळ दीडशे फूट, पण किंकाळ्या तेथेच अधिक.

आपल्या काळातील लंडन आय हे चाक २००० साली लोकांसाठी खुले झाले. डेव्हिड मार्क्स आणि ज्युलिया बारफील्ड या वास्तुविशारद पतिपत्नींची ती कल्पना. उंची १३५ मीटर, आरे पुन्हा सायकलसारखेच, ओढलेल्या पोलादी दोरांचे. चाक थेम्स नदीवर आडवे निजवून जोडले आणि मग दोरांनी उचलून उभे केले. सप्टेंबर १९९९ मधील पहिला प्रयत्न दोर निसटल्याने फसला, पुढच्या महिन्यात साधला. त्याचे ३२ डबे टांगलेले नाहीत, चाकाच्या बाहेरच्या अंगाला बसवलेले आहेत. त्यांना सरळ ठेवण्याचे काम वजनाऐवजी विजेची यंत्रे करतात. दुबईचे २०२१ मध्ये उघडलेले चाक तर २५० मीटरांचे आहे. मात्र काही महिन्यांतच ते बंद ठेवावे लागले आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले.

परंतु महालक्ष्मीच्या जत्रेत किंवा सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत जो पाळणा उभा राहतो तो या राजेशाही घराण्यातला नव्हे. त्याचा पूर्वज निराळा. विल्यम सलिव्हन नावाचा इलिनॉयचा एक पूल बांधणारा माणूस १८९३ साली फेरिसच्या चाकात बसला. त्याने विचार केला तो उंचीचा नव्हे, उचलून नेण्याचा. चाकाचे तुकडे करता आले, गाडीवर घालता आले आणि दुसऱ्या गावी पुन्हा जोडता आले, तर गावोगावच्या जत्रा आपल्याच. त्याचे पहिले फिरते चाक १९०० साली जॅक्सनव्हिल येथे चालले. ओढलेल्या सळया दर मुक्कामी सोडणे आणि पुन्हा सारख्या ताणणे हे काम किचकट. म्हणून फिरत्या चाकाचे आरे पुन्हा बैलगाडीसारखे ताठ झाले. तुकडे बोल्टने आणि खिळींनी जोडले जाऊ लागले. फिरत्या पाळण्याची सारी सोय या खिळींत आहे, आणि सारा धोकाही त्यांतच.

शिकागोच्या चाकाचा पाया काँक्रीटचा होता. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि २०२२ साली बंद पडले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ पासून चालू आहे. असल्या कायमच्या उद्यानांत यंत्र एकदा रोवले की वर्षानुवर्षे एकाच पायावर उभे असते आणि त्याच्या देखरेखीची नोंदवही ठेवता येते. जत्रेतला पाळणा लाकडी ओंडक्यांवर आणि फळ्यांवर उभा राहतो. मैदान कधी शेताचे, कधी नदीकाठचे. मोतमाउलीच्या जत्रेच्या वेळी पाऊस संपलेला नसतो. एका पायाखालची माती दोन बोटे खचली तरी आस तिरका होतो, आणि तिरका आस आपल्या बेअरिंगला एकाच बाजूने खात राहतो. पाळणेवाल्यांतले जाणते कामगार म्हणून दर संध्याकाळी खेळ सुरू होण्यापूर्वी ओळंबा किंवा पाणसळ लावून पाहतात. अजाणते लावत नाहीत.

वजनाचा समतोल ही दुसरी गोष्ट. पाळण्यात बसल्यावर चाक थोडे फिरते, थांबते, पुन्हा फिरते, आणि नेमके आपण माथ्यावर असताना थांबते, हा अनुभव सर्वांचा. मुलांना वाटते की पाळणेवाला मुद्दाम छळतो आहे. वस्तुतः तो माणसे भरत असतो. एका बाजूचे पाळणे भरून दुसरी बाजू रिकामी ठेवली तर जड बाजू खाली येण्यास धडपडेल आणि इंजिनाला किंवा ब्रेकला ते आवरणे कठीण होईल. म्हणून एक पाळणा भरला की समोरचा, अर्ध्या फेऱ्यावरचा, पाळणा खाली आणून भरायचा. लठ्ठ गृहस्थाच्या समोर चार पोरे. हा हिशेब कागदावर नसतो, पाळणेवाल्याच्या नजरेत असतो. आणि जत्रेच्या पहिल्या रात्री त्याला झोप झालेली असते, दहाव्या रात्री नसते.

पोटात गोळा येतो तो का, हेही पाहण्याजोगे आहे. समजा, पाळण्याची त्रिज्या ६ मीटर आहे आणि एका फेऱ्याला ८ सेकंद लागतात. हिशेब केला तर माथ्यावर असताना ५० किलोच्या मुलाला आपले वजन सुमारे ३१ किलो भासते, आणि तळाशी सुमारे ६९ किलो. दर चार सेकंदांनी वजन निम्म्याहून कमी तरी होते किंवा दुपटीहून जास्त तरी. शरीराची काय बिशाद की ते मुकाट्याने सोसेल. लंडन आयला एका फेऱ्यास अर्धा तास लागतो. तेथे हा फरक जाणवण्याइतकाही नसतो, आणि माणसे त्यात उभी राहून चहा पिऊ शकतात. म्हणजे १३५ मीटरांचे चाक पोटाला कळत नाही आणि बारा मीटरांचे कळते. भीती उंचीवर नव्हे, वेगावर चालते. पाळणेवाल्यालाही हे ठाऊक असते. गिऱ्हाईक ओरडू लागले की गर्दी जमते, म्हणून इंजिनाचा वेग वाढवण्याचा मोह त्याला होतो. वेग दुप्पट केला तर वरील ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते, आणि वरच्या उदाहरणातील मूल माथ्यावर बैठकीवरून उचलले जाऊ लागेल. पुढचा आडवा दांडा आणि त्याची कडी यांचे खरे काम तेव्हा कळते.

आता पोलादाचा शीण. लोखंडाची सळई एकदा वाकवून मोडत नाही, पण तार पुढेमागे दहादा वाकवली की तुटते, हे प्रत्येकाने केलेले आहे. प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून याचे नियम शोधले. चाकाबरोबर फिरणाऱ्या आसाची वरची बाजू एका क्षणी ताणली जाते, अर्ध्या फेऱ्यानंतर तीच खाली जाऊन दाबली जाते. फेऱ्यागणिक एक वाकणे. ८ सेकंदांचा फेरा धरला तर चार तासांच्या चालीत १,८०० फेरे, आणि दहा रात्रींत १८,०००. कोठे तरी केसाएवढी भेग असेल तर ती दर फेऱ्याला किंचित वाढते. बाहेरून रंगाचा नवा हात दिलेला असला म्हणजे ती दिसतही नाही. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी १४ जुलै २०१९ रोजी लोलकासारखा झुलणारा एक मोठा झोका चालू असतानाच मोडून खाली आला आणि दोघे जागीच गेले; कित्येक जखमी झाले. तो आकाशपाळणा नव्हता, आणि फिरत्या जत्रेतलाही नव्हता. पण माणसांना घेऊन हलणारे पोलाद सर्वत्र एकाच नियमाने शिणते.

म्हणून तपासणी करणाऱ्याने प्रथम पाहावयाचे ते रंगीत दिवे आणि पाळण्यांवरची चित्रे नव्हेत. प्रत्येक बोल्टच्या टोकाला आडवी पिन आहे की नाही, की तिच्या जागी तारेचा तुकडा किंवा खिळा अडकवला आहे, हे पाहावे. सांधे जोडलेल्या ठिकाणचा रंग तडकला आहे का. कारण रंग पोलादाच्या आधी तडकतो. टांगणीचा दांडा ज्या भोकात फिरतो ते भोक झिजून लांबट झाले आहे का. कड्या लागतात का. इंजिनाचा दोर किंवा पट्टा याला कुंपण आहे का. पदर, ओढणी आणि मोकळे केस यांना ओढून घेण्यास तेवढी फट पुरते. ही पाहणी भर उजेडात, चाक रिकामे असताना करावयाची असते. परवान्यावर सही करणारा अधिकारी संध्याकाळी दिवे लागल्यावर आला, तर त्याला पाळणा सुंदर दिसेल आणि पिना दिसणार नाहीत.

जत्रा उठली की उलट क्रम सुरू होतो. पाळणे समोरासमोरच्या जोडीने काढतात, म्हणजे चाक एका बाजूला झुकत नाही. मग परिघाचे तुकडे, मग आरे, तेही जोडीनेच. काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या पिनेसह डब्यात टाकावा लागतो. रात्रीच्या अंधारात मैदानावर हरवलेली पिन ही पुढच्या गावच्या पाळण्यातली तारेची गुंडाळी होते. शेवटी खांब आणि आस तेवढे उरतात. ट्रकवर ते सर्वांत मागाहून चढवतात, कारण पुढच्या मैदानावर तेच सर्वांत आधी लागतात.